कंपनीला कोणत्या देशाचा कायदा लागू होतो, हे कसं ठरवायचं

स्वित्झर्लंडमध्ये रीतसर नोंदलेली एक कंपनी, कारभार मात्र जर्मनीतून चालणारा. स्विस न्यायाधीशाच्या लेखी ती स्विस कंपनी आहे आणि भागधारकांची जबाबदारी भांडवलापुरती. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २७ ऑक्टोबर २००८ रोजी अशाच एका कंपनीला जर्मन कायद्याखालची भागीदारी ठरवलं. दावा लावण्याचा हक्क तिला राहिला, पण भागीदारीत भागीदाराच्या घरादारापर्यंत जबाबदारी पोचते. नोंदणीचा दाखला दोन्हीकडे एकच होता.

म्हणून ‘या कंपनीला कोणता कायदा लागू?’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नसतो. कोणत्या न्यायालयात, नेमक्या कोणत्या मुद्द्यावर आणि कोणत्या तारखेला, हे तिन्ही जोडून विचारलं तरच उत्तर निघतं. खालची कामं त्याच क्रमानं करावीत. क्रम उलटा केला की बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी न्यायालय

खासगी आंतरराष्ट्रीय कायदा नावात आंतरराष्ट्रीय असला तरी प्रत्येक देशाचा वेगळा असतो. न्यायाधीश स्वतःच्या देशाचा नियम उघडतो आणि तो नियम त्याला सांगतो की कंपनीसाठी कोणत्या देशाचा कायदा बघायचा. सगळ्यांना बांधणारा करार करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. परदेशी कंपन्यांना मान्यता देण्याविषयीचा हेगचा १९५६चा करार आणि तेव्हाच्या युरोपीय समुदायाचा १९६८चा करार, दोन्ही कागदावर तयार झाले. दोन्ही कधीच अमलात आले नाहीत.

तेव्हा वाद कुठे उभा राहू शकतो त्या देशांची यादी आधी करायची. साधारण चार ठिकाणं निघतात: नोंदणीचा देश, कारभाराचा देश, मालमत्तेचा देश आणि करारात न्यायालय निवडलं असेल तर तो देश. युरोपीय संघात एक खास खाचखळगा आहे. तिथल्या अधिकारक्षेत्राच्या नियमावलीत कंपनीवर सर्वसाधारण दावा लावायचा असेल तर अनुच्छेद ६३ प्रमाणे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत लिहिलेलं कार्यालय, मध्यवर्ती प्रशासन किंवा मुख्य व्यवसायाचं ठिकाण यांपैकी कोणतंही चालतं. पण कंपनीची स्थापना वैध आहे का, ती विसर्जित झाली का, तिच्या मंडळाचा ठराव वैध आहे का, असा वाद असेल तर अनुच्छेद २४(२) प्रमाणे फक्त ‘मुख्यालय’ असलेल्या देशातलंच न्यायालय. आणि ते मुख्यालय कुठे, हे न्यायालय स्वतःच्या देशी नियमानं ठरवतं. एकाच नियमावलीत मुख्यालयाचे दोन अर्थ आहेत. घाईत वाचणारा अनुच्छेद ६३ वर थांबतो आणि दावा चुकीच्या दारात नेऊन ठेवतो.

मग मुद्दा: हा प्रश्न कंपनीचा आहे तरी का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. कंपनीच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या अंतर्गत बाबी ज्या कायद्यानं चालतात त्याला तिचा स्वीय कायदा म्हणू. तो सर्वव्यापी नाही. कंपनीनं केलेल्या करारावर, तिच्या ट्रकनं केलेल्या अपघातावर किंवा तिच्या जमिनीवर हा कायदा चालत नाही; त्यांचे नियम निराळे आहेत. युरोपीय संघाच्या करारविषयक आणि करारबाह्य जबाबदारीविषयक नियमावल्यांनी कंपनी कायद्याचे प्रश्न स्पष्ट शब्दांत वगळले आहेत: पहिलीत अनुच्छेद १(२)(च) नं, दुसरीत १(२)(घ) नं. लॅटिन अक्षरक्रमात ही कलमं अनुक्रमे सहावी आणि चौथी, तेव्हा मूळ मजकुरात तशी शोधावीत.

स्वीय कायद्याकडे जाणारे प्रश्न साधारण असे: कंपनी अस्तित्वात आली का आणि अजून आहे का, तिला कायदेशीर व्यक्तिमत्त्व आहे का, तिच्या अधिकारांची मर्यादा काय, संचालक कसे नेमायचे नि काढायचे, त्यांची कंपनीप्रति कर्तव्यं कोणती, भागधारकांचे हक्क, लाभांश, भांडवल वाढवणं-घटवणं, आणि कंपनीच्या कर्जाला भागधारक जबाबदार आहेत का. कंपनीच्या वतीनं भागधारकानं संचालकांवर दावा लावायचा तर तो हक्क आहे का, हेही याच कायद्यानं पाहिलं जातं.

सीमेवरचे प्रश्न मात्र फसवे असतात. त्यांतला सही करण्याचा अधिकार जवळून बघू.

एका स्विस कंपनीच्या वतीनं तेलाच्या खरेदी-विक्रीचा करार झाला. कराराला इंग्लिश कायदा लागू. कंपनीकडून सही एकाच व्यक्तीची. स्विस व्यापार नोंदणीत मात्र त्या व्यक्तीच्या नावापुढे ‘दोघांची संयुक्त सही’ अशी नोंद होती. समोरच्या पक्षाचं म्हणणं सरळ होतं: करार इंग्लिश कायद्याखाली, तर सहीचा मामलाही इंग्लिश कायद्यानंच बघा. इंग्लंडच्या अपील न्यायालयानं २०१५मध्ये ते मान्य केलं नाही. कंपनीच्या वतीनं सही करून तिला बांधण्याचा अधिकार कोणाला, हे नोंदणीच्या देशाच्या कायद्यानंच ठरतं, आणि स्विस कायद्याप्रमाणे एका सहीनं कंपनी बांधली जात नाही. नोंदणीचा उतारा कोणालाही बघता येण्याजोगा होता. वकिली भाषेतल्या शंभर पानी करारापेक्षा त्या उताऱ्यातली ती एक ओळ भारी पडली.

कंपनीच्या क्षमतेचंही तसंच. नॉर्वेतल्या दोन नगरपालिकांनी इंग्लिश कायद्याखाली स्वॅपचे, म्हणजे देण्यांच्या अदलाबदलीचे, पण प्रत्यक्षात कर्जासारखे व्यवहार केले होते. नॉर्वेच्या कायद्यानं त्यांना तसं कर्ज उचलण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून २०१०मध्ये अपील न्यायालयानं करार निरर्थक ठरवले. पैसे परत मिळवण्याचा मार्ग वेगळा. यावरून एवढं लक्षात ठेवावं की ‘या कराराला अमुक देशाचा कायदा लागू राहील’ हे कलम कंपनीची क्षमता किंवा तिच्या अधिकाऱ्याचा अधिकार बदलू शकत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५मध्ये दिलेला निकाल मुद्दा कसा तोडायचा हे छान दाखवतो. एका फ्रेंच कंपनीनं दुसऱ्या फ्रेंच कंपनीवर ताबा मिळवला, आणि त्या दुसरीच्या हातात एक भारतीय कंपनी होती. भारताचे ताबा नियम लागू होतात का, हा वाद. न्यायालयानं प्रश्नाचे दोन तुकडे केले. फ्रेंच कंपनीवर ताबा कधी आला हे फ्रेंच कायद्यानं बघायचं. त्याचा भारतीय कंपनीच्या भागधारकांवर काय परिणाम, हे भारतीय कायद्यानं. एकाच दाव्यात दोन देशांचे कायदे आले तर दचकायचं कारण नाही. प्रश्न नीट फोडला नाही तर मात्र अडचण आहे.

शेअर्सच्या मालकीचा वादही इथेच तपासून घ्यावा. नोंदवहीत प्रत्यक्ष नाव लागलेल्या शेअर्सवर कोणाचा हक्क वरचढ, याला इंग्लिश न्यायालयं नोंदणीच्या देशाचा कायदा लावतात. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका कंपनीच्या मालकीचे न्यूयॉर्कच्या कंपनीतले शेअर्स परस्पर गहाण पडले, तेव्हा १९९५मध्ये लंडनच्या अपील न्यायालयानं न्यूयॉर्कचा कायदा लावला. शेअर्स डिमॅट स्वरूपात मध्यस्थाच्या खात्यात असतील तर हे गणित बदलतं. २००६चा हेग रोखे करार १ एप्रिल २०१७पासून अमलात आहे. तो मान्य केलेल्या देशांत खातेकरारात निवडलेल्या कायद्याकडे बघितलं जातं.

तथ्यं गोळा करताना

दोन फायली कराव्यात. पहिलीत कागदावरची कंपनी: स्थापनेचा दाखला, नियमावली, नोंदणी कार्यालयाचा ताजा उतारा, कंपनी चालू आहे असं सांगणारा दाखला. उताऱ्यात पाच गोष्टी अधोरेखित कराव्यात: कंपनीचं पूर्ण नाव आणि क्रमांक, कायदेशीर प्रकार, नोंदणीची तारीख, सध्याची स्थिती आणि सहीची पद्धत. व्यापारी नावावर विसंबू नये. शाखा आणि उपकंपनी यांत गल्लत झाली तर पुढचं सगळं वाया जातं. शाखेला स्वतःचं व्यक्तिमत्त्व नसतं, तिचा स्वीय कायदा मूळ कंपनीचाच.

दुसऱ्या फायलीत प्रत्यक्षातली कंपनी. इथे बघायचं ते रोजच्या कारभाराचे मूलभूत निर्णय कुठे अमलात येतात हे. संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, प्रत्येक सभेला कोण कुठून हजर होतं, बँक खात्यावर सूचना कोण आणि कुठून देतं, पगारपत्रक कुठे तयार होतं, लेटरहेडवरचा पत्ता कोणता, कराराच्या वाटाघाटी कोणी केल्या. भाड्याच्या पत्त्यावर वर्षातून दोनदा तासाभराची सभा भरते आणि सगळे ईमेल दुसऱ्याच देशातून जातात, हा नमुना न्यायाधीशांच्या चांगला ओळखीचा असतो. ऑनलाइन सभांमध्ये ‘सभेचं ठिकाण’ म्हणून इतिवृत्तात काय टंकलंय ते पुरेसं नाही. निर्णय घेणारी माणसं कुठे बसली होती ते पाहावं.

दोन्ही फायलींचा देश एकच निघाला तर काम जवळजवळ संपलं. वेगळे निघाले तरच पुढचा भाग लागतो.

न्यायालयाचा नियम लावणं

ढोबळमानानं तीन घराणी आहेत. पहिलं नोंदणीवादी: कंपनी जिथे स्थापन झाली तिथला कायदा, कारभार कुठेही असो. इंग्लंड, नेदरलँड्स, अमेरिकेतली राज्यं ही त्यातली. स्विस कायदाही इकडचाच. १ जानेवारी १९८९पासून लागू असलेल्या त्यांच्या कायद्याचं कलम १५४ ज्या देशाच्या नियमांनी कंपनी उभी राहिली त्या देशाचा कायदा लावतं, आणि तशी अट पुरी होत नसेल तरच प्रत्यक्ष प्रशासनाच्या ठिकाणाकडे वळतं. अमेरिकेत याला अंतर्गत व्यवहारांचा सिद्धांत म्हणतात. डेलावेअरची कंपनी, बहुसंख्य भागधारक कॅलिफोर्नियातले, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो विलीनीकरणाला प्रत्येक वर्गाचं वेगळं मतदान हवं. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५मध्ये सांगितलं: नाही, फक्त डेलावेअरचाच कायदा.

दुसरं घराणं प्रत्यक्ष मुख्यालयवादी: कारभार प्रत्यक्षात जिथून चालतो तिथला कायदा. जर्मनी याचा बालेकिल्ला. फ्रान्सच्या नागरी संहितेचं कलम १८३७ म्हणतं, मुख्यालय फ्रेंच भूमीवर असेल तर फ्रेंच कायदा. तिऱ्हाईत माणूस नियमावलीतल्या पत्त्यावर विसंबू शकतो, पण खरं मुख्यालय दुसरीकडे असेल तर कंपनी त्याच्याविरुद्ध तो पत्ता पुढे करू शकत नाही. ही घराणी बदलतातही. बेल्जियम २०१९च्या नव्या कंपनी संहितेनं नियमावलीतल्या पत्त्याकडे वळला, म्हणजे त्याआधी लिहिलेली पाठ्यपुस्तकं बेल्जियमपुरती जुनी झाली.

तिसरं मिश्र. चीनच्या २०१०च्या कायद्याचं कलम १४ नोंदणीचा कायदा लावतं, पण मुख्य व्यवसायाचं ठिकाण वेगळं असेल तर तिथला कायदा ‘लावता येईल’ असं म्हणतं. जपान नोंदणी मानतो, तरी कंपनी कायद्याचं कलम ८२१ सांगतं की ज्या परदेशी कंपनीचं मुख्य कार्यालय जपानात आहे किंवा जिचा मुख्य हेतूच जपानात व्यवसाय करणं आहे तिनं तिथे सातत्यानं व्यवहार करू नयेत. केले तर व्यवहार करणारा माणूस कंपनीबरोबर जबाबदार. नावापुरत्या परदेशी कंपन्यांसाठीचं असं एखादं कलम जवळपास प्रत्येक नोंदणीवादी देशात शोधून बघावं. स्विस कायद्यात ते कलम १५९ आहे.

आता यावर दोन थर चढतात. पहिला थर करारांचा. युरोपीय संघात मुक्त स्थापनेच्या हक्कानं, म्हणजे संघातल्या कोणत्याही देशात व्यवसाय उभा करण्याच्या हक्कानं, मुख्यालयवादाला मोठं खिंडार पाडलं. एका डॅनिश जोडप्यानं १९९२मध्ये ब्रिटनमध्ये १०० पौंड भांडवलाची कंपनी काढली, तिथे व्यवसाय काहीच केला नाही आणि डेन्मार्कमध्ये शाखा नोंदवायला गेलं. डेन्मार्कची किमान भांडवलाची अट दोन लाख क्रोनर. नोंदणी नाकारली गेली. युरोपीय न्यायालयानं ९ मार्च १९९९ रोजी ती नकारघंटा बेकायदा ठरवली. नंतर आलं डुसेलडॉर्फमधल्या जमिनीचं प्रकरण. डच कंपनीनं तिथल्या गॅरेज आणि मोटेलच्या दुरुस्तीचं काम दिलं, रंगकाम बिघडलं, तिनं दावा लावला. मधल्या काळात तिचे सगळे शेअर्स दोन जर्मन नागरिकांनी घेतले होते, म्हणून जर्मन न्यायालयं म्हणाली की मुख्यालय जर्मनीत आलं, जर्मन पद्धतीनं पुन्हा स्थापना झाली नाही, तेव्हा दावा लावायला कंपनीच अस्तित्वात नाही. ५ नोव्हेंबर २००२ रोजी युरोपीय न्यायालयानं हे फेटाळलं: डच कंपनी ती डचच. २५ एप्रिल २०२४च्या निकालानं इटलीचा, परदेशात गेलेल्या पण मुख्य व्यवसाय इटलीतच असलेल्या कंपनीच्या कारभाराला इटालियन कायदा लावणारा नियमही याच हक्काशी विसंगत ठरवला.

हे संरक्षण संघाच्या आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या कंपन्यांनाच. अगदी सुरुवातीच्या स्विस कंपनीला ते मिळालं नाही त्याचं कारण हेच. ब्रिटन बाहेर पडल्यावर जर्मनीतून चालणाऱ्या ब्रिटिश लिमिटेड कंपन्यांचंही तेच झालं; म्युनिकच्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१मध्ये त्यांना मुख्यालयवादाचा दंडक लावला. एकटाच भागधारक असेल तर तो थेट वैयक्तिक व्यावसायिक ठरतो. उलट अमेरिकेतली कंपनी जर्मनीतून चालली तरी वाचते, कारण १९५४च्या जर्मन-अमेरिकी मैत्री करारात परस्पर मान्यतेचं कलम आहे. एकाच इमारतीतल्या शेजारच्या दोन दारांमागे स्विस आणि डेलावेअरच्या कंपन्या असल्या तर त्यांना वेगवेगळं भविष्य! जुने द्विपक्षीय करार चाळल्याशिवाय मत देऊ नये.

दुसरा थर परतपाठवणीचा. मुख्यालयवादी न्यायालय परदेशाच्या कायद्याकडे बोट दाखवतं तेव्हा तिथल्या संघर्ष-नियमांसकट, म्हणजे कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे सांगणाऱ्या नियमांसकट, दाखवतं का, ते तपासायचं. जर्मन न्यायालयात इंग्लंडमध्ये नोंदलेल्या कंपनीचा वाद आहे आणि तिचा कारभार स्वित्झर्लंडमधून चालतो असं धरा. जर्मन नियम स्विस कायद्याकडे पाठवतो. स्विस नियम म्हणतो, नोंदणी इंग्लंडची, इंग्लिश कायदा बघा. जर्मन न्यायालय तो पुढचा हवाला स्वीकारतं. म्हणजे मुख्यालयवादाचा खरा फटका बहुधा कारभार मुख्यालयवादी देशातच असेल तेव्हाच बसतो.

तारीख

कंपनी ‘आज’ चालू आहे हे कळून भागत नाही. करार झाला त्या दिवशी, दावा लागला त्या दिवशी, निकाल लागला त्या दिवशी ती होती का, ते पाहायचं. लंडनच्या एका बँकेनं मॉस्कोच्या बँकेविरुद्ध निकाल मिळवला आणि वसुलीसाठी तिसऱ्या बँकेतल्या ठेवीवर बोट ठेवलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायालयानं, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलं की सोव्हिएत फर्मानांनी मॉस्कोची बँक आधीच संपली होती, आणि नसलेल्या कंपनीविरुद्धचा निकाल म्हणजे शून्य.

स्थलांतर झालं असेल तर कालरेषा काढावी. कारभार हलवणं आणि नोंदणीच दुसऱ्या देशात नेणं या वेगळ्या घटना आहेत. हंगेरीच्या एका कंपनीला हंगेरियन राहूनच मुख्यालय इटलीत न्यायचं होतं. २००८मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, जन्मदाता देश ते नाकारू शकतो. पण पोलंडच्या कंपनीला लक्झेंबर्गच्या कायद्यात रूपांतर करून जायचं होतं, तेव्हा आधी विसर्जन करा ही पोलंडची अट २०१७मध्ये रद्द झाली. रूपांतरानंतर स्वीय कायदा बदलतो. त्याआधीच्या ठरावांची वैधता मात्र जुन्याच कायद्यानं तपासावी.

दिवाळखोरी आणि कर: वेगळ्या वाटा

दिवाळखोरीत युरोपीय संघात ‘मुख्य हितसंबंधांचं केंद्र’, म्हणजे कंपनी आपला कारभार नेहमी जिथून चालवते ते ठिकाण, बघतात. नोंदणीकृत कार्यालय हेच ते केंद्र असं गृहीतक आहे, पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत कार्यालय हलवलं असेल तर गृहीतक गळतं. इंग्लिश लिमिटेडच्या संचालकानं कंपनी बुडाल्यावरही पैसे दिले म्हणून जर्मन कायद्यानं त्याला जबाबदार धरलं, आणि २०१५मध्ये युरोपीय न्यायालयानं ते योग्य ठरवलं, कारण ती जबाबदारी दिवाळखोरी कायद्याची होती. संचालक ‘माझा स्वीय कायदा इंग्लिश’ म्हणत राहिला तरी उपयोग नाही. करासाठीचं ‘परिणामकारक व्यवस्थापनाचं ठिकाण’ ही तिसरीच चाचणी. कर खात्याचं निवासी प्रमाणपत्र स्वीय कायद्याचा पुरावा म्हणून जोडलेलं दिसतं. ते पुरावा नाही.

परदेशी वकिलाला काय विचारायचं

अनेक देशांत परदेशी कायदा ही सिद्ध करायची वस्तुस्थिती असते. सिद्ध केली नाही तर न्यायालय स्वतःचाच कायदा लावून मोकळं होतं. म्हणून नोंदणीच्या देशातल्या वकिलाचं लेखी मत घ्यावं आणि त्यात मोघमपणा चालवून घेऊ नये. कंपनी अमुक तारखेला अस्तित्वात होती का. हा व्यवहार तिच्या अधिकारात आहे का. ठरावाला किती मतं आणि किती गणपूर्ती लागते. कोणाच्या, किती जणांच्या सहीनं ती बांधली जाते. आणि त्या देशाचा नियम नोंदणीवादी की मुख्यालयवादी. शेवटचा प्रश्न हटकून राहतो, आणि परतपाठवणीचा धागा तिथेच तुटतो. कारभार तिसऱ्या देशात असेल तर त्या देशाच्या वकिलालाही हाच प्रश्न वेगळा विचारावा.

नोंदणीच्या उताऱ्यावर १९६१च्या हेग कराराचा अपोस्टील घ्यावा. तो देश करारात नसेल तर वकिलातीकडून साक्षांकन. अपोस्टील शिक्का आणि सही खरी आहे एवढंच सांगतो, आतला मजकूर बरोबर आहे असं नाही. आणि सही करायच्या दिवशी सकाळी उतारा पुन्हा एकदा काढावा. कालच्या उताऱ्यातला अधिकारी आजच्या उताऱ्यात नसतो, असं घडतं.